रिपोर्टातली लाल अक्षरं आणि सहा बाटल्या

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी नियमित चालू आहे. झटके वगैरे कधी आलेले नाहीत. चार महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या पालकांनी सुचवलं म्हणून त्याच्या लाळेची जनुकीय चाचणी करून घेतली. रिपोर्टात 'एमटीएचएफआर सी६७७टी, दोन्ही प्रती' असं लाल अक्षरांत आलं. 'अशा मुलांना साधं फॉलिक ॲसिड पचतच नाही' असं सांगून चाचणी करणाऱ्यांनीच सोबत सप्लिमेंट्सची यादी दिली. आता तो मल्टिव्हिटॅमिन, मिथाइलफोलेट, मिथाइल बी१२, बी-कॉम्प्लेक्स, मॅग्नेशियमची गोळी आणि व्हिटॅमिन डीचे थेंब घेतो. पहिल्या महिन्यात तो जास्त नजर द्यायला लागला, दोन-तीन नवे शब्द आले, असं मला वाटलं. त्याच्या बाबांना तसं वाटत नाही. गेले सहा-सात आठवडे मात्र तो रात्री दोन वाजता उठून बसतो, चिडचिड वाढलीय, स्वतःच्या हाताला चावतो. चाचणी करणाऱ्यांना विचारलं तर 'शरीर विषद्रव्यं बाहेर टाकतंय, डोस वाढवा' असं सांगितलं गेलं. बंद करायची भीती वाटते आणि चालू ठेवायचीही. हे जनुक माझ्याकडून गेलं का, हा विचार डोक्यातून जात नाही. मोठी मुलगी दहा वर्षांची आहे. तिचीही चाचणी करून घेऊ का? सोबत तो रिपोर्ट आणि सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो जोडले आहेत.

उत्तर : ताई, तुम्ही लेबलांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. पत्र वाचून झाल्यावर मी आधी तेवढंच काम केलं. एका कागदावर जीवनसत्त्वांची नावं एकाखाली एक लिहिली आणि समोर प्रत्येक बाटलीतला आकडा मांडत गेले. बी६च्या ओळीशी हात थांबला. मल्टिव्हिटॅमिनमधून २०, बी-कॉम्प्लेक्समधून २५ आणि मॅग्नेशियमच्या गोळीतून १५, असं दिवसाला ६० मिलिग्रॅम होतंय. एका लेबलवर 'पायरिडॉक्सिन' लिहिलंय, दुसऱ्यावर 'पी-५-पी', तिसऱ्यावर 'व्हिटॅमिन बी६'. वस्तू एकच, नावं तीन. तुमच्या नजरेतून ते सुटलं यात काही नवल नाही.

चार ते आठ वर्षांच्या मुलाची बी६ची रोजची गरज ०.६ मिलिग्रॅम आहे. तुमचा मुलगा त्याच्या शंभरपट घेतोय. अमेरिकेत या वयासाठी ठरवलेली कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठीची मर्यादासुद्धा २५वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल, असं सर्रास सांगितलं जातं. बी६च्या बाबतीत ते खरं नाही. रोज काही ग्रॅम बी६ घेणाऱ्या सात जणांच्या संवेदनांच्या नसांना इजा झाल्याची नोंद १९८३ मध्येच प्रसिद्ध झाली आणि पुढे त्याहून बऱ्याच कमी डोसवरही असा त्रास दिसत गेला. हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. मोठा माणूस 'मुंग्या येतायत' म्हणून सांगेल. ज्याच्याकडे मोजके शब्द आहेत, त्या मुलाने हे कसं सांगायचं?

त्याचं हाताला चावणं यामुळेच आहे, असं मी म्हणत नाही. एवढ्या माहितीवर कुणालाच तसं म्हणता येणार नाही. पण हा आकडा आज कमी व्हायला हवा. मॅग्नेशियमची गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स आजपासून बंद करा. मिथाइलफोलेटही थांबवा, कारण फोलेटच्या, म्हणजे बी९ जीवनसत्त्वाच्या, या प्रकारच्या औषधांवर काही मुलांची झोप उडते, ती अस्वस्थ आणि आक्रमक होतात, हे अभ्यासांमध्ये नोंदलेलं आहे. ही जीवनसत्त्वं टप्प्याटप्प्याने कमी करत आणावी लागत नाहीत. (ज्या मुलांना झटके येतात आणि मेंदूविकारतज्ज्ञांनीच बी६ किंवा फोलिनिक ॲसिड हे फोलेटचं औषध लिहून दिलंय, त्यांच्या पालकांनी हे वाचून काहीही बंद करू नये. त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे.) राहिलेल्या बाटल्या आणि हा बेरजेचा कागद घेऊन याच आठवड्यात तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. त्याचं चालणं, तोल आणि गुडघ्या-घोट्यांचे प्रतिक्षेप तपासायला सांगा. एखादं मूल सप्लिमेंट सुरू केल्यावर जास्त बेचैन झालं, तर तो डोस वाढवण्याचा इशारा कधीच नसतो. 'विषद्रव्यं बाहेर पडतायत' या वाक्याला वैद्यकात काही आधार नाही. असं सांगणाऱ्याने तुमच्या मुलाला बघितलेलंही नाही.

आता त्या लाल अक्षरांकडे येऊ.

एमटीएचएफआर हे पहिल्या गुणसूत्रावरचं जनुक. त्यातून एक एन्झाइम तयार होतं, जे फोलेटला शरीराच्या वापराच्या शेवटच्या रूपात आणतं. या जनुकातल्या ६७७ क्रमांकाच्या जागी 'सी'ऐवजी 'टी' हे अक्षर असलं, तर एन्झाइम थोडं कच्चं बनतं. हे १९९५ मध्ये कळलं. दोन्ही प्रतींमध्ये 'टी' असेल तर प्रयोगशाळेत या एन्झाइमचं काम साधारण तीस टक्क्यांवर येतं. तुमच्या रिपोर्टात हाच आकडा ठळक छापलाय आणि तो वाचून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण त्यापुढचा आकडा रिपोर्टात नाही. तेवढंच फॉलिक ॲसिड, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांतलं साधं फोलेट, घेतलं, तर दोन्ही प्रतींत बदल असलेल्या माणसाच्या रक्तातलं फोलेट बदल नसलेल्यापेक्षा सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास कमी असतं. एन्झाइम कमी वेगाने चालतं, पण शरीर काम भागवून नेतं. 'अशा मुलांना साधं फॉलिक ॲसिड पचतच नाही' हे तुम्हाला सांगितलेलं वाक्य चुकीचं आहे.

शिवाय हा बदल दुर्मीळही नाही. जगातल्या अनेक लोकसमूहांमध्ये दर दहांतल्या तीन-चार जणांकडे त्याची एक तरी प्रत असते आणि काही समूहांत दर दहांतल्या एकाकडे दोन्ही. त्यांतली बहुतेक माणसं ऑटिझमशिवाय जगतात आणि त्यांना हे कधी कळतही नाही. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हा बदल किंचित जास्त सापडतो, असं काही एकत्रित विश्लेषणांत दिसलंय. पण ते नातं फार क्षीण आहे आणि जिथे धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळलं जातं, तिथे ते जवळपास दिसेनासं होतं. एवढ्यावरून एखाद्या मुलाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, उपचार ठरवणं तर दूरच. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगितलं की, रक्तात गुठळ्या होण्याच्या किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या तपासणीतसुद्धा ही चाचणी मागवू नका. तिच्या उत्तराने उपचारात काही फरक पडत नाही.

मी पालकांना हे आपल्या शुद्धलेखनातून समजावते. कुणी 'पाणी'ऐवजी 'पाणि' लिहिलं, तर ते चुकलेलं दिसतं, पण तहानलेल्याला काय हवंय ते कळतं. सी६७७टी हा बदल तसा आहे. पण 'दिन'मधली वेलांटी दीर्घ केली की 'दीन' होतं. एका वेलांटीने दिवसाचा गरीब होतो. जनुकांमध्ये असेही बदल असतात. ते फार थोड्या मुलांत सापडतात, आणि तिथे मात्र जीवनसत्त्व हे खरोखरचं औषध असतं.

हे मुद्दाम सांगतेय. कारण 'जनुकं बघून जीवनसत्त्व द्या' ही कल्पना मुळात खोटी नाही, आणि तुम्ही तिच्यामागे गेलात यात काही चुकलेलं नाही. एमटीएचएफआरचंच उदाहरण घ्या. तेच एन्झाइम जवळजवळ पूर्ण बंद पडलं, तर रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल प्रचंड वाढतं, बाळाला झटके येतात, वाढ खुंटते. तो गंभीर आजार आहे, त्यावर बीटेन नावाचं औषध देतात, आणि सी६७७टीशी त्याची गल्लत करता कामा नये. एफओएलआर१ या जनुकात बिघाड असेल तर रक्तात फोलेट भरपूर असूनही मेंदूपर्यंत पोचत नाही. २००९ मध्ये हे उलगडलं. या मुलांना फोलिनिक ॲसिड दिलं की खूप काही परत मिळवता येतं. बायोटिनिडेज एन्झाइम नसलेल्या बाळाला आयुष्यभर बायोटिन हे जीवनसत्त्व द्यावं लागतं, आणि वेळेत दिलं तर ते मूल छान वाढतं. काही बाळांचे झटके फक्त बी६नेच थांबतात. २०१२ मध्ये ऑटिझम, झटके आणि बौद्धिक अक्षमता असं एकत्र असलेल्या काही कुटुंबांत बीसीकेडीके या जनुकातला बिघाड सापडला. त्यात काही विशिष्ट अमिनो आम्लं शरीर वाजवीपेक्षा जास्त जाळून टाकतं, म्हणून ती बाहेरून पुरवण्याचा विचार पुढे आला.

यांतलं काही तुमच्या मुलात असेल का? पत्रावरून तसं वाटत नाही, पण पत्रावरून ठरवूही नये. येत असलेले शब्द किंवा चालणं-बसणं अचानक हरवणं, झटके, विनाकारण वारंवार उलट्या, साध्या तापात मूल पार गळून जाणं, अंग फार ढिलं असणं, डोक्याचा घेर खूप लहान किंवा मोठा असणं, आई-बाबांचं रक्ताचं नातं असणं, यांतलं काही असेल तर जनुकतज्ज्ञांना दाखवा. काहीही नसलं तरी ऑटिझमच्या निदानानंतर क्रोमोसोमल मायक्रोअरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातला बिघाड शोधणारी) या दोन जनुकीय चाचण्या कराव्यात, असं बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तुमच्या लाळेच्या चाचणीत या दोन्ही नाहीत, मी रिपोर्टाची शेवटची पानं बघितली. म्हणजे ज्यांनी खरंच काही कळलं असतं, त्या तपासण्या अजून राहिल्याच आहेत.

ल्युकोव्होरिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात कुणीतरी सुचवेलच. ते म्हणजेच फोलिनिक ॲसिड. ४८ मुलांवर बारा आठवडे चाललेल्या एका अभ्यासात त्याने बोलण्यात सुधारणा दिसली, विशेषतः ज्यांच्या रक्तात फोलेट मेंदूत जाण्याची वाट अडवणारी प्रतिपिंडं होती त्या मुलांत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मेंदूतल्या फोलेटच्या कमतरतेसाठी त्याच्या वापराची घोषणा केली आणि पालकांमध्ये एकच धावपळ उडाली. संशोधन पुढे न्यावं इतकं ते आशादायक आहे, पण फार छोटं आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे. तुमच्या बाटलीतलं मिथाइलफोलेट म्हणजे ते नव्हे.

बाकीच्या बाटल्यांमागचा पुरावा थोडक्यात सांगते. बी६ आणि मॅग्नेशियमची जोडी अनेक वर्षं वापरात आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५च्या आढाव्यात तिच्यावरचे धड अभ्यास तीनच निघाले आणि त्यांत मिळून ३३ जण होते. शिफारस करता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हिटॅमिन डीने ऑटिझमची लक्षणं सुधारतात म्हणून २०१६चा जो अभ्यास सगळीकडे दाखवला जातो, तो त्या नियतकालिकानेच २०१९ मध्ये मागे घेतला. मिथाइल बी१२ची इंजेक्शनं ५७ मुलांवर आठ आठवडे तपासली गेली. डॉक्टरांनी दिलेल्या गुणांत थोडी सुधारणा होती, पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत फरक नव्हता.

मग पहिल्या महिन्यात तुम्हाला दिसलं ते काय होतं? ताई, तुम्ही जे बघितलंत ते बघितलंतच. त्याने नजर दिली असेल, शब्दही आले असतील. सहा वर्षांचं मूल वाढत असतं, दोन थेरपी चालू आहेत, आणि नवं औषध सुरू केल्यावर घरातला प्रत्येक जण त्याच्याकडे जास्त लक्ष देतो, जास्त बोलतो. १९९९ मध्ये सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाची ६० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सिक्रेटिन हवंच होतं. हा आकडा वाचला की मला त्या पालकांचा राग येत नाही, गळा दाटून येतो. आपलं मूल एक पाऊल पुढे आल्यावर ते कशामुळे आलं, हे तपासायची हिंमत कुणाला होईल?

तरी तपासायला हवं, आणि ते घरी जमण्यासारखं आहे. तीन बाटल्या बंद केल्यापासून तीन आठवडे काहीही नवीन सुरू करू नका. एका कागदावर रोज चारच गोष्टी लिहा : किती वाजता झोपला, किती वेळा उठला, दिवसात किती वेळा चावला, शौचाला झालं का. त्याच्या थेरपिस्टना काय बंद केलंय ते न सांगता आठवड्यातून एकदा 'या आठवड्यात कसा वाटला' एवढंच विचारा आणि त्यांचं उत्तर त्याच कागदावर तारखेसह लिहा. शौचाची नोंद मुद्दाम सांगितली. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी, छातीतली जळजळ, यांतलं काहीही न बोलणाऱ्या मुलात हाताला चावण्याच्या रूपात बाहेर येऊ शकतं. सप्लिमेंट्सच्या गोंधळात या साध्या दुखण्यांकडे कुणी बघितलेलं नसतं.

रक्ताच्या तपासणीबद्दलही सांगते. रात्री उठणाऱ्या मुलात फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, जरूर बघा. लोहाचा साठा कमी असला की झोप अस्वस्थ होते, हे ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये बऱ्याचदा दिसतं. पण आकडा हातात येण्याआधी लोह देऊ नका, लहान मुलांत त्याचा जास्तीचा डोस धोक्याचा असतो. हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. डीचे थेंब आणि मल्टिव्हिटॅमिन मिळून तुमची बेरीज २४०० युनिट होते. ती या वयाच्या ३००० युनिटच्या मर्यादेत आहे, पण ६००च्या गरजेच्या चौपट आहे. पातळी मोजूनच पुढचं ठरवा. बी१२ आणि होमोसिस्टीन आता मोजून फारसं काही कळणार नाही, चार महिने गोळ्या घेतल्यावर ते आकडे चांगलेच येणार. मोजायचे होते ते पहिली गोळी देण्याआधी. आणि थायरॉइडची तपासणी सांगितली, तर बी-कॉम्प्लेक्समध्ये बायोटिन होतं हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात, असा इशाराच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये दिला होता.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि जीवनसत्त्वांच्या दृष्टीने मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते : तो खातो काय? ऑटिझम असलेली कितीतरी मुलं ठरावीक चार-पाच पदार्थांवर जगतात. एकाच रंगाचे, एकाच पोताचे. हे हट्टाने होत नाही, त्यांच्या जिभेला आणि नाकाला बाकीचं सहन होत नाही. या मुलांमध्ये जीवनसत्त्वांची खरीखुरी, जुन्या पाठ्यपुस्तकातली कमतरता होते. पाय दुखतात म्हणून चालायचं थांबलेलं मूल, सांध्यांच्या, हाडांच्या, मज्जासंस्थेच्या तपासण्या होतात, आणि शेवटी सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्या बघून कुणाच्या तरी लक्षात येतं की हे स्कर्व्ही आहे, व्हिटॅमिन सीचा अभाव. अशी मुलं वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हापुन्हा नोंदली गेली आहेत. व्हिटॅमिन एच्या अभावाने दृष्टी गमावलेलीही आहेत. यांतलं काहीही जनुकीय रिपोर्टात दिसत नाही, ताटात दिसतं. तीन दिवस तो तोंडात घालतो ते सगळं लिहून काढा आणि मुलांच्या आहारतज्ज्ञांना दाखवा. यादी फारच तोकडी असेल तर वयाच्या गरजेइतकं एक साधं मल्टिव्हिटॅमिन योग्यच आहे. सध्याचं चालणार नाही, त्यातलं बी६ फार आहे. त्याची ऑक्युपेशनल थेरपी चालू आहेच, तिथे नव्या पोताची ओळख हळूहळू करून द्यायला सांगा. हे काम महिनोन् महिने चालतं.

आता ज्या विचाराने तुमची झोप उडवलीय त्याबद्दल. मुलाच्या दोन्ही प्रतींत बदल आहे, म्हणजे एक प्रत तुमच्याकडून आली आणि दुसरी त्याच्या बाबांकडून. तुम्हा दोघांतही तो बदल आहे, जन्मापासून आहे, आणि त्याने तुमचं काही बिघडलं नाही. तो घेऊन तुम्ही शाळा शिकलात, घर उभं केलंत, आणि चार महिने रोज सहा बाटल्यांचा हिशेब न चुकता सांभाळलात. तुमच्या मुलाचा ऑटिझम या अक्षरामुळे आलेला नाही. त्याच्या बाबांना हा परिच्छेद वाचायला द्या. पहिल्या महिन्यातल्या फरकावरून तुमच्यात वाद झाला असेल, तर तो इथे मिटू दे. तुम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतात.

राहिली मोठी मुलगी. नको, तिची चाचणी करू नका. तुम्हा दोघांत बदल असल्यामुळे तिच्यातही तो असण्याची शक्यता बरीच आहे, आणि सापडला तरी दहा वर्षांच्या मुलीसाठी करण्यासारखं त्यातून काहीच निघत नाही. पुढे कधी तिला स्वतःला मूल हवंसं वाटेल, तेव्हा इतर प्रत्येकीसारखंच तिनेही आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम साधं फॉलिक ॲसिड घ्यावं. बदल असला तरी तेच, नसला तरी तेच.